कानामागची वीज

कानाच्या पाळीमागे बोटाला जो टणक उंचवटा लागतो, त्यावर दोन्ही बाजूंना एकेक विद्युत अग्र बसवून त्यांतून सुमारे १ मिलिअँपिअर इतका क्षीण प्रवाह सोडला, तर पाय जुळवून व डोळे मिटून उभा असलेला माणूस कोणी ढकललेले नसताना एका बाजूला कलतो. आंतरकर्णातील संतुलनेंद्रियाला विजेने चाळवण्याच्या या तंत्राला ‘गॅल्व्हानिक संतुलन-उद्दीपन’ असे म्हणतात. बोलोन्याच्या लुईजी गॅल्व्हानीने १७९१ मध्ये बेडकाच्या पायांवरील प्रयोग प्रसिद्ध केले आणि एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाला पुढे त्याचे नाव मिळाले, तेच या तंत्रालाही लागले. कानात वीज सोडण्याचा मान मात्र त्याच्या प्रतिस्पर्ध्याकडे जातो.

हा प्रतिस्पर्धी म्हणजे अलेस्सांद्रो व्होल्टा. चांदी व जस्ताच्या चकत्यांमध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे घालून रचलेल्या आपल्या विद्युतघटाचे वर्णन त्याने २० मार्च १८०० रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना पत्राने कळवले. धातूच्या दोन सळ्या दोन्ही कानांत घालून त्या तीस-चाळीस जोड्यांच्या घटाला जोडताच डोक्याला जोराचा हिसका बसला आणि मागोमाग एखादा घट्ट पदार्थ रटरट शिजत असावा तसा आवाज येऊ लागला, असे त्याने त्यात नोंदवले आहे. मेंदूला बसणारा धक्का धोक्याचा वाटल्याने व्होल्टाने हा प्रयोग फारसा पुढे नेला नाही. कान हे केवळ ऐकण्याचे इंद्रिय मानले जात असल्याने त्याचे लक्ष आवाजाकडे गेले, यात नवल नाही.

या विजेचे नाते भोवळीशी जोडले ते चेक शरीरक्रियाशास्त्रज्ञ यान पुर्किन्ये याने. १८२०च्या सुमारास तो गरगर फिरल्यावर येणाऱ्या भोवळीचा अभ्यास करत होता आणि डोक्यातून प्रवाह गेला तरी तोल जातो, हे त्याच्या ध्यानात आले. फिरताना डोके ज्या स्थितीत असेल तिच्यावर नंतरच्या भासमान गतीची दिशा ठरते, हा त्याने शोधलेला नियम पुढे याच तंत्राच्या कामी यायचा होता. परंतु भोवळ कोठे उपजते, हे त्या वेळी अज्ञात होते.

ते ठिकाण हळूहळू हाती लागले. फ्रान्समध्ये पिएर फ्लुरांस याने कबुतराच्या आंतरकर्णातील अर्धवर्तुळाकृती नलिका, म्हणजे परस्परांशी काटकोनात असलेल्या द्रवाने भरलेल्या तीन कमानी, एकेक करून छेदल्या, तेव्हा पक्ष्याचे डोके त्या त्या नलिकेच्या पातळीत हेलकावू लागले. १८६१ मध्ये प्रॉस्पर मेनिएरने भोवळीचे झटके कानाच्या विकारातून येऊ शकतात असे मांडले, आणि १८७० नंतरच्या दशकात अर्न्स्ट माख, योसेफ ब्रॉयर व अलेक्झांडर क्रम ब्राउन या तिघांनी स्वतंत्रपणे असा निष्कर्ष काढला की डोके वळताना नलिकांतील द्रव मागे रेंगाळतो व त्यावरून फिरण्याची जाणीव होते. त्याच काळात एडुआर्ड हिट्झिगने डोक्यातून प्रवाह सोडल्यावर होणारी डोळ्यांची हालचाल बारकाईने नोंदवली, आणि विजेची भोवळ ही कानाची परीक्षा घेण्याचे साधन ठरू लागली.

प्रवाह नेमके काय करतो, याचा उलगडा होण्यास आणखी शतक लागले. जे गोल्डबर्ग व त्याच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये माकडांवरील प्रयोगांतून दाखवले ते असे की, प्रवाहाचा परिणाम मुख्यतः संतुलन-चेतातंतू जेथून स्पंद सोडू लागतो त्या जागी होतो. डोके स्थिर असतानाही हे तंतू अखंड स्पंद सोडत असतात. ऋणाग्राच्या बाजूला त्यांची गती वाढते, धनाग्राच्या बाजूला मंदावते, आणि दोन कानांच्या वार्तांतील ही तफावत वाचून मेंदू असा अर्थ लावतो की डोके ऋणाग्राकडे झुकत आहे. मग तोल सावरण्यासाठी शरीर धनाग्राकडे कलते. म्हणजे बाहेरून दिसणारा झोक हा विजेचा धक्का नसून शरीराने स्वतःच केलेली दुरुस्ती असते. हा भास डोक्याला जखडलेला असल्याने मान डावीकडे वा उजवीकडे वळवली की झोकाची दिशाही बदलते, आणि मान खाली घालून चालणाऱ्या माणसाची वाटच वळते. पुर्किन्येचा जुना नियम येथे नव्या रूपात भेटतो.

वळणाऱ्या वाटेचा हा गुण २००५ मध्ये जपानच्या एनटीटी कंपनीच्या संशोधकांनी दूरनियंत्रकाने माणसाला वळवून दाखवण्यासाठी वापरला, तर २०१६ मध्ये सॅमसंगने याच तत्त्वावरील प्रायोगिक हेडफोन लोकांपुढे ठेवला. आभासी वास्तवात डोळ्यांना वेग दिसतो, पण कानाला काहीच कळत नाही, आणि या विसंवादातून मळमळ होते. दृश्याशी जुळणारा प्रवाह देऊन कानालाही त्या प्रवासात सामील करून घ्यावे, हा या खटाटोपाचा हेतू. पुर्किन्येने भोवळ आणणारी म्हणून नोंदवलेली वीज अशा रीतीने दोन शतकांनी भोवळ टाळण्याच्या कामी जुंपली गेली.