वणवा नव्हे, झाड

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा ‘राइज ऑफ द मराठा पॉवर’ हा इंग्रजी ग्रंथ १९०० साली प्रसिद्ध झाला. तोवर या विषयावर शब्द चालत होता तो जेम्स ग्रँट डफचा. पेशवाई बुडाल्यावर कंपनीचा अधिकारी म्हणून साताऱ्यास राहिलेल्या डफने तिथली दप्तरे चाळून १८२६ मध्ये तीन खंडांचा इतिहास छापला. त्याची मेहनत टीकाकारांनाही नाकारता आली नाही. मात्र मराठ्यांचा उदय त्याला सह्याद्रीतल्या वाळल्या गवताने पेट घ्यावा तसा दिसला. वणव्यामागे ना विचार असतो ना तयारी. राज्य जिंकून घेतलेल्यांना ही उपमा सोयीचीच होती. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी डफच्या चुका १८६०च्या दशकातच दाखवल्या होत्या. रानड्यांनी उपमाच बदलली. त्यांच्या प्रकरणांच्या नावांत जमीन तयार होते, बी पडते, झाड मोहरते, फळ धरते.

ही जमीन संतांनी कसली, हा ग्रंथाचा गाभा. नामदेव शिंपी, सावता माळी, गोरा कुंभार, चोखामेळा महार अशा नाना जातींच्या माणसांनी धर्म मराठीत बोलता केला, कर्मकांडाचा आणि जातीच्या अहंकाराचा जोर कमी केला, आणि त्यातून एक समाज घडला, असे रानडे मांडतात. युरोपातल्या प्रोटेस्टंट सुधारणेशी त्याची तुलना करतात. राज्याआधी समाज, हा त्यांच्या राजकीय विचाराचाही क्रम होता. प्रार्थना समाजात तुकोबांच्या अभंगांवर प्रवचने करणाऱ्या या सुधारकाला आपले पूर्वज संतांत सापडले, यात नवल नाही.

मांडणी मोहक असली तरी पुराव्याला उणी आहे. पंढरपूरच्या वाळवंटातली वारकऱ्यांची समता गावात परतल्यावर फारशी टिकत नसे, आणि अभंगापासून गडापर्यंतची वाट कागदपत्रांत दाखवणे अवघडच. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी तर नेमके उलट म्हटले: संतांनी महाराष्ट्र निष्क्रिय केला, त्याला हालवले ते रामदासांनी. पण राजवाडेही धर्मातच राज्याचे कारण शोधत होते. प्रश्न रानड्यांचाच राहिला.

पेशव्यांच्या रोजनिशींवरील निबंधात रानडे स्वकीयांवरही कठोर झाले. पेशवाईत वाढलेला जातिभेद आणि ब्राह्मणांना मिळालेले झुकते माप त्यांनी ऱ्हासाच्या कारणांत धरले.

ग्रंथाच्या शेवटी काशिनाथ त्रिंबक तेलंगांचा बखरींवरील लेख जोडलेला आहे. तेलंग १८९३ मध्येच वारले होते. ग्रंथाचा पुढचा भाग रानड्यांच्या हातूनही झाला नाही. १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचे निधन झाले.