शब्दातली गाय

परवा धाकट्या नातीला लस टोचून आणली. रात्री तिला ताप आला, आणि पुढची लस नकोच, असे माझ्या मनात आले. तेवढ्यात थोरली नात माझ्या दंडावरचा देवीचा वण चाचपीत म्हणाली, “आजी, व्हॅक्सिन म्हणजे काय ग?” उत्तर शोधता शोधता मी थेट गोठ्यात जाऊन पोचले! तीच हकीकत भगिनींना सांगते.

लॅटिन भाषेत गाईला ‘वाक्का’ म्हणत. इंग्लंडातील बर्कले गावी एडवर्ड जेन्नर नावाचे डॉक्टर राहत. गाईच्या आचळांवरील फोडांचा संसर्ग ज्या गवळणींच्या हातांना होई, त्यांना देवी येत नाहीत, असा त्या मुलखात समज होता. १४ मे १७९६ रोजी जेन्नरांनी सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरील फोडातला द्रव आठ वर्षांच्या जेम्स फिप्सला टोचला. जुलैत त्याला खऱ्या देवीचा द्रव टोचून पाहिला, तरी देवी आल्या नाहीत. १७९८ साली या विषयावर पुस्तक लिहिताना जेन्नरांनी ‘गाईच्या देवी’ अशा अर्थाचे लॅटिन नाव वापरले. त्यातूनच ‘व्हॅक्सिन’ आला. हा शब्द सर्वच रोगांच्या लशींना लावून जेन्नरांचा गौरव करावा, असे १८८१ साली लुई पाश्चर यांनी सुचविले.

हिंदुस्थानातली पहिली लस आपल्या मुंबईत १४ जून १८०२ रोजी टोचली गेली, ती ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला. तेव्हा बर्फाच्या पेट्या नव्हत्या. एकाच्या दंडावरचा फोड भरला, की त्यातला द्रव दुसऱ्याच्या दंडात टोचायचा. ॲनाच्या दंडावरून ती अशीच इतर मुलांकडे गेली. फोडातून झिरपणाऱ्या द्रवाला मराठीत मुळातच ‘लस’ म्हणतात. आपला शब्द तिथला!

१९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने देवीचा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. माझ्या नातींच्या दंडावर तो वण नाही, तो यामुळेच.

इंग्रजी शब्दात गाय राहिली, मराठीत फोडातले पाणी राहिले. साराचा हात आणि ॲनाचा चिमुकला दंड मात्र कोणत्याच शब्दात उरला नाही. म्हणून त्या दोघींची आठवण आपणच ठेवू या.

नातीचा ताप सकाळी उतरला. पुढच्या लशीची तारीख मी भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवली आहे.