३८६ हे नाव की नंबर?

राहुरी-प्रवरा पट्ट्यात कुणालाही विचारा, बेणं कुठलं लावलंय? उत्तर आकड्यात येतं: ८६०३२, नाहीतर २६५. यातला 'को ८६०३२' उलगडून बघा. को म्हणजे कोईमतूर, ८६ म्हणजे १९८६ साल, उरलेला अनुक्रमांक. '२६५' म्हणजे राहुरी कृषी विद्यापीठाच्या पाडेगाव केंद्राचा 'कोएम ०२६५'. आता ८६०३२ हा आकडा मोठा, म्हणून ऊसही जास्त निघणार, असं नगरचा एकही शेतकरी म्हणणार नाही. कॉम्प्युटरच्या दुकानात मात्र आपण सर्रास तसंच म्हणतो!

प्रोसेसरचे आकडेही सुरुवातीला असेच नोंदवहीतले होते. इंटेलचा ८०८६ आला १९७८ मध्ये, ८०२८६ आला १९८२ मध्ये आणि ८०३८६ आला १९८५ मध्ये. जाहिरातीत त्याचं सुटसुटीत '३८६' झालं आणि गिऱ्हाईक तोच आकडा मागू लागलं. मग १९९१ मध्ये एएमडीनं स्वतःचा ३८६ बाजारात आणला. इंटेल कोर्टात गेली. कॅलिफोर्नियातल्या न्यायालयानं सांगितलं, ३८६ हे आता त्या प्रकारच्या चिपचं सर्वसाधारण नाव झालंय, एका कंपनीचा त्यावर हक्क नाही. म्हणून १९९३ ची चिप '५८६' झाली नाही, 'पेंटियम' झाली. ग्रीक 'पेंटा' म्हणजे पाच. आकडा गेला, पण पाच काही सुटले नाहीत.

पुढची चाल मला जास्त मजेशीर वाटते. २००१ मधला एएमडीचा 'ॲथलॉन एक्सपी १८००+' प्रत्यक्षात १५३३ मेगाहर्ट्झवर चालायचा. कंपनीचं म्हणणं होतं, आमची चिप एका ठोक्यात जास्त काम करते, आणि तुलना आमच्याच जुन्या ॲथलॉनशी आहे. गिऱ्हाईक अर्थातच ती १८०० मेगाहर्ट्झच्या पेंटियम ४ शी करायचं. यात खोटं काही नव्हतं. पण १८०० हा मोजलेला वेग नव्हता, एक दावा होता. २००४ मध्ये इंटेलनंही गिगाहर्ट्झ मागे सारून मॉडेल नंबर पुढे केले.

तेव्हा जुन्या जाहिराती संशोधनाचं साधन म्हणून वापरणार असाल, तर तक्त्यात 'मॉडेल नंबर' आणि 'वेग' असे दोन वेगळे रकाने करा. फेलोशिपच्या पैशातून जुना लॅपटॉप घेणार असाल तरीही हेच करा. आय७-७५००यू मध्ये दोन कोअर आहेत, वर्षभरानंतरच्या आय५-८२५०यू मध्ये चार. दुकानदार फक्त 'आय७ आहे' म्हणाला, तर पुढचे चार आकडे विचारा.