भिंतीच्या पोटातला टाका

दगडी भिंतीलाही पोट असतं. बाहेरून दगडांचा एक थर, आतून एक, आणि मधे माती-कपच्यांची भर. मराठवाड्यातली जुनी घरं अशाच दोन-तीन फूट जाड भिंतींची. वर माळवद: तुळया, फळ्या आणि त्यावर फूट-दोन फूट माती. दोन्ही थरांना आरपार धरून ठेवणारा लांब दगड, ज्याला इंजिनियर ‘थ्रू स्टोन’ म्हणतात, तो मात्र बहुतेक भिंतींत नव्हताच.

३० सप्टेंबर १९९३ रोजी, विसर्जनाची रात्र सरता सरता, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला. भूकंप ६.२ क्षमतेचा होता. थर एकमेकांपासून सुटले, भिंतींची पोटं फुगून फुटली, माळवदं खाली आली. लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसं दगावली. सरकारी नकाशात हा भाग तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता! जिथे माळवदाचा भार लाकडी खांबांवर होता, तिथे भिंती ढासळूनही काही ठिकाणी खण तसेच उभे राहिले.

बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. पण तडे गेलेली, तरी उभी असलेली घरं लाखाहून जास्त होती. ती पाडायची नाहीत, माळवद उतरवायचं नाही, मग आत टाका कसा घालायचा?

पद्धत ठरलेली होती. साधारण मीटरभर अंतरावर जागा हेरायच्या. पहारीने ठोकायचं नाही. दगडाभोवतीची सांध्यांतली माती सैल करून एक दगड हलक्या हाताने काढायचा, पलीकडच्या थरापर्यंत पोकरत जायचं आणि डंबेलसारखं, दोन्ही तोंडांशी रुंद असं आरपार भोक करायचं. त्यात आकडे वळवलेली ८ मिलिमीटरची सळई ठेवून काँक्रीट भरायचं आणि दहा दिवस पाणी मारायचं. हाच नवा थ्रू स्टोन. शिवाय दार-खिडक्यांवरच्या लिंटेलजवळ वेल्ड केलेल्या जाळीचा पट्टा, वर सिमेंटचा गिलावा.

भार पेलत असलेल्या लोखंडी खांबाला पट्टी वेल्ड करणारा कारागीरही असाच जपून चालतो. तापलेलं लोखंड मऊ पडतं, म्हणून तो थोडं वेल्डिंग करतो, थांबतो, निवू देतो, मग दुसरीकडे वळतो. आणि एक गोष्ट त्याला ठाऊक असते: भार आधी उतरवला नसेल, तर अंगावरचं जुनं ओझं जुना खांबच वाहतो, पट्टी नंतर आलेल्या ओझ्याला हातभार लावते.

भूकंपरोधक बांधकामाचं कूळ आणखी जुनं. १९३१च्या बलुचिस्तान भूकंपानंतर एस. एल. कुमार या तरुण रेल्वे इंजिनियरने क्वेट्ट्यात भूकंपरोधक क्वार्टर्स बांधली. १९३५च्या भूकंपात शहर जमीनदोस्त झालं, ती क्वार्टर्स तगली.

२१ मार्च २०२४च्या सकाळी मराठवाड्यातल्याच हिंगोलीत ४.५ क्षमतेचा धक्का बसला. नांदेडपर्यंत लोक घराबाहेर आले. प्रशासनाने आवाहन केलं: पत्र्यांवर ठेवलेले दगड काढून टाका.