डेस्कटॉप व सर्व्हर प्रोसेसर : सरमिसळ आणि स्पर्धा

घरच्या संगणकातला प्रोसेसर आणि सर्व्हरमधला प्रोसेसर वेगळ्या नावाने व वेगळ्या भावाने विकले जातात; आतली चिप मात्र पुष्कळदा एकाच आराखड्याची असते. फरक असतो तो कोअरची संख्या, कॅश, मेमरी चॅनेल आणि मेमरीतली चूक पकडून दुरुस्त करणारी ईसीसी सोय यांत. यांतले काय चालू ठेवायचे नि काय बंद, हे तंत्राइतकेच बाजाराचे गणित आहे.

इंटेलने १९९८ मध्ये सर्व्हरसाठी ‘पेंटियम टू झिऑन’ आणला. गाभा साध्या पेंटियम टूचाच. पण साध्यात निम्म्या वेगाने चालणारी एल-टू कॅश इथे पूर्ण वेगाने चाले, आणि स्लॉटही निराळा. गंमत अशी, की त्याच वर्षीच्या स्वस्त सेलेरॉन ३००ए मध्येही कॅश पूर्ण वेगाची होती, फक्त १२८ केबी. हौशी मंडळी बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्‌झवर नेऊन तो ४५० मेगाहर्ट्‌झवर पळवत. पुढच्या वर्षी अ‍ॅबिटच्या बीपी६ बोर्डावर असे दोन सेलेरॉन शेजारी शेजारी बसू लागले. दोन प्रोसेसरचे यंत्र ही तोवर महागड्या वर्कस्टेशनची मिजास होती.

सरमिसळ सर्वांत उघडी पडली ती सप्टेंबर २००३ मध्ये. इंटेलची प्रतिस्पर्धी एएमडी हिचा अ‍ॅथलॉन ६४ एफएक्स-५१ गेम खेळणाऱ्यांसाठी म्हणून आला, पण सॉकेट ९४० हे सर्व्हरच्या ऑप्टेरॉनचेच. त्यामुळे गेम खेळणाऱ्यालाही सर्व्हरची रजिस्टर्ड मेमरी विकत घ्यावी लागे. त्याला शह म्हणून इंटेलने पुढे केलेला पेंटियम ४ एक्स्ट्रीम एडिशन म्हणजे २ एमबी एल-थ्री कॅशवाला झिऑनचाच गाभा होता. याउलट सर्व्हरसाठीच वेगळा आज्ञासंच घेऊन २००१ मध्ये उतरलेला इटॅनियम घरापर्यंत पोचला नाही. जुन्या एक्स८६ शी जुळवून घेणारी एएमडीची ६४-बिट वाट दोन्हीकडे रुजली आणि इंटेललाही ती धरावी लागली.

२०१७ पासून एएमडीने या सरमिसळीचेच भांडवल केले. आठ कोअरची एक डाय (सिलिकॉनचा तुकडा) डेस्कटॉपच्या रायझनमध्ये, तशा दोन पहिल्या थ्रेडरिपरमध्ये, चार सर्व्हरच्या एपिकमध्ये. झेन-२ पिढीत हेच गणित चिपलेटवर आले : रायझन ९ ३९५०एक्समध्ये दोन, एपिक ७७४२ मध्ये आठ. पुण्यात सी-डॅकच्या ‘परम सिद्धी’ महासंगणकात हाच ७७४२ आहे. मे २०२४ मध्ये आलेली एपिक ४००४ मालिका तर रायझनच्या एएम५ सॉकेटातच बसते.