दिनविशेष : २३ जानेवारी – मृगातला उजळलेला तेजोमेघ

२००४ साली या दिवशी अमेरिकेतील केंटकी राज्यातले हौशी निरीक्षक जे मॅकनील यांनी अवघ्या तीन इंची दुर्बिणीतून मृग नक्षत्राचे छायाचित्र घेतले. मृगाच्या पोटात रुतलेल्या बाणाच्या तीन ताऱ्यांच्या किंचित ईशान्येला, मेसिए ७८ या तेजोमेघाजवळ, पंख्याच्या आकाराचा एक तेजोमेघ त्यात उमटला, जो नेहमीच्या नकाशांत नव्हता. पंख्याच्या टोकाशी व्ही १६४७ ओरायनिस हा नवजात तारा आहे. अशा ताऱ्याभोवती वायू आणि धुळीची तबकडी फिरत असते. तिच्या आतल्या भागात साचलेले द्रव्य एकाएकी ताऱ्यावर कोसळू लागले की तारा अनेक पटींनी उजळतो, आणि यालाच संचयन-उद्रेक म्हणतात. तेजोमेघ नवा नव्हताच, फक्त ताऱ्याच्या अशाच उद्रेकाने त्याच्यावर उजेड पडला होता. १९६६ मधील छायाचित्रातही तो सापडला.

हा उद्रेक दोन वर्षांत ओसरला, पण २००८ मध्ये तारा पुन्हा भडकला, आणि तेव्हा आयुका या खगोलशास्त्र संस्थेची, पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटरवरील गिरावली वेधशाळा सज्ज होती. तिथली आणि लडाखमधील हानले येथील, अशा दोन मीटर व्यासाच्या दोन दुर्बिणींतून भारतीय खगोलशास्त्रज्ञांनी मार्च २०१३ पर्यंत १२४ रात्री त्याची दीप्ती मोजली. तारा मंदावत होता, मात्र पहिल्या खेपेच्या सुमारे सहापट संथपणे. चिकाटीने जमवलेल्या या नोंदी एखाद्या नेत्रदीपक छायाचित्राइतक्याच मोलाच्या मानाव्या लागतात.