किल्ल्यातल्या चिमण्या आणि बंद शाळा

९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत पकडलेल्या काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) भुईकोट किल्ल्यात आणून ठेवण्यात आले. त्यांत मौलाना अबुल कलाम आझाद होते. त्यांच्या खोलीच्या छतात चिमण्यांनी घरटी बांधायला घेतली. दिवसभर काड्या आणि कचरा खाली पडे. मौलानांनी आधी छत्रीने व बांबूने त्यांना हुसकावून पाहिले, पण चिमण्या हटेनात. शेवटी त्यांनी तह केला आणि दाणे टाकायला सुरुवात केली. दाण्यांचे अंतर ते हळूहळू कमी करीत गेले आणि चिमण्या हातापर्यंत येऊ लागल्या. काहींना त्यांनी नावेही ठेवली. न उडणारे एक पिल्लू एके दिवशी अचानक कसे उडाले, हेही त्यांनी टिपून ठेवले. हा सारा वृत्तांत त्यांच्या 'गुबार-ए-खातिर' या १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या उर्दू पत्रसंग्रहात आहे.

शास्त्राच्या भाषेत सांगायचे तर हा प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यासच होता. साहित्य काय लागले? एक खोली, मूठभर दाणे आणि भरपूर वेळ. त्याच किल्ल्यात १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत पंडित नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले. आझाद, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव आणि असफ अली या सोबत्यांशी झालेल्या चर्चांचा आपल्याला फार उपयोग झाला, असे त्यांनी प्रस्तावनेत नमूद केले आहे. म्हणजे दार बंद असले तरी शिकणे बंद नव्हते.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा अशा गोष्टी पुष्कळ सांगितल्या गेल्या. सर्वांत जास्त सांगितली गेली ती न्यूटनची. १६६५ साली प्लेगमुळे केंब्रिज विद्यापीठ बंद पडले, न्यूटन गावी गेला आणि तिथे त्याने कलनशास्त्र, प्रकाश व गुरुत्वाकर्षण यांचा पाया घातला, ही हकिकत खरी आहे. पण तेव्हा तो बावीस वर्षांचा होता आणि पाठीशी केंब्रिजची चार वर्षे होती. किल्ल्यातील नेतेही मुळातच विद्वान होते. पहिलीतल्या मुलाला अजून अक्षर लागायचे असते. त्याला 'न्यूटन हो' असे सांगून कसे चालेल?

लहान मुलांच्या बाबतीत जवळचे उदाहरण शिकागोचे आहे. सप्टेंबर १९३७ मध्ये पोलिओच्या साथीमुळे तिथल्या शाळा वेळेवर उघडता आल्या नाहीत. तेव्हा तिसरी ते आठवीच्या सुमारे ३,१५,००० मुलांसाठी रेडिओवरून पंधरा-पंधरा मिनिटांचे पाठ सुरू झाले. वेळापत्रक वर्तमानपत्रांत छापले जाई आणि पालकांच्या शंकांना शिक्षक दूरध्वनीवरून उत्तरे देत. प्रयोग कल्पक होता. परंतु ज्यांच्याकडे रेडिओ नव्हता किंवा नीट ऐकू येत नव्हता, ती मुले मागे राहिली.

आपल्याकडे हेच घडले, फक्त रेडिओच्या जागी स्मार्टफोन होता. म्हणून फोनवर अवलंबून नसलेले प्रयत्न अधिक मोलाचे ठरतात. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही पहिली ते आठवीच्या मुलांसाठीची मालिका दाखवली गेली. नगरला लागून असलेल्या सोलापूर जिल्ह्याच्या मुख्य शहरात, नीलमनगर भागात, सुमारे ३०० घरांच्या भिंतींवर शिक्षकांनी पाठ रंगवून घेतले. मुले अंतर राखून भिंतीपाशी उभी राहत आणि वाचत.

याखेरीज एक शाळा रोज उघडीच होती. ती म्हणजे अंगण. नगर शहर सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस असे वर्षातून दोनदा दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो व उभ्या काठीची सावली नाहीशी होते. २१ डिसेंबर २०२० च्या संध्याकाळी गुरू आणि शनी आकाशात एकमेकांपासून अंशाच्या एक दशांश इतके जवळ दिसले. १६२३ नंतर ते इतके जवळ आले नव्हते. ते पाहायला दुर्बीणही लागत नव्हती. शाळेच्या तासांत न बसणारी ही निरीक्षणे आहेत. रोज एकाच जागेवरून पाहायचे, लिहायचे आणि कालच्याशी ताडून बघायचे, यासाठी मुलांना घरात वेळ मिळाला. मात्र 'काल काय दिसले होते?' असे विचारणारे कोणी घरात असले तरच त्या वेळेचे शिक्षण होते. आजी असो, मोठी बहीण असो, की फोनवरून चौकशी करणारे गुरुजी असोत.

जमेच्या बाजूबरोबर खर्चाची बाजूही मांडली पाहिजे. ग्रामीण महाराष्ट्रात पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ रोजी उघडले, म्हणजे वीस महिन्यांहून अधिक काळाने. 'असर' या पाहणीनुसार ग्रामीण भारतात दुसरीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतील मुले २०१८ साली २७.३ टक्के होती. २०२२ साली ती २०.५ टक्क्यांवर आली. अंगणात पुष्कळ काही शिकता येते, पण वाचनाला बहुतेक मुलांना शिक्षकच लागतो.

म्हणून टाळेबंदीतले चांगले शोधायचे ते झालेली हानी झाकण्यासाठी नव्हे. त्या काळात जे हाती लागले ते शाळेत परत आणण्यासाठी शोधायचे. आठवड्यातून एक तास मुलांना अंगणात सोडावे. एक काठी, एक घरटे किंवा एक झाड नेमून द्यावे आणि वही वर्षभर चालवावी. ज्याला वाचायला जड जाते अशा मुलाला स्वतःच्या निरीक्षणाची दोन वाक्ये लिहून ती वर्गात वाचायला सांगावे. आपण स्वतः पाहिलेले वाचायला मूल सहसा कंटाळत नाही. मौलानांच्या चिमण्या एका दिवसात हातावर आल्या नव्हत्या. दाण्यांचे अंतर रोज थोडे कमी करावे लागले होते.